'प्रोफेशनल इंजिनिअर'ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा :
चाकणच्या एका कारखान्यासाठी आचारसंहितेचं भाषांतर करतेय. इंजिनिअरने कायम प्रोफेशनल म्हणून वागावं, असं एक कलम आहे. मी 'व्यावसायिक वर्तन' लिहिलं. मसुदा वाचायला दिलेल्या शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरनी शेरा मारून परत पाठवलं : 'ताई, व्यावसायिक म्हणजे आधी धंदा बघणारा. हे तर उलटंच झालं.' त्यांना म्हणे 19 किलोचा 'व्यावसायिक' गॅस सिलिंडर आठवला. 'धंदेवाईक' बादच आहे, 'पेशेवर' हिंदी वाटतं. सुचवा.

अनुस्वार :
यात शब्दाचा काय दोष? वि + अव + सो यावरून व्यवसाय. मूळ अर्थ निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'व्यवसायात्मिका बुद्धि' येते, तिथे कुणी दुकान टाकलेलं नाही. 'व्यावसायिक'च ठेवा. अर्थ आपणच घसरवला, आपणच वर काढू.

लेथमास्तर :
तिसऱ्या पाळीला गीता कोण शिकवणार, अनुस्वारराव? आमच्या आयटीआयच्या खात्याच्या नावातच 'व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण' आहे. तिथे व्यवसाय म्हणजे ट्रेड : फिटर, टर्नर, वेल्डर. व्यवसाय वकिलाचाही आणि वडापाववाल्याचाही. एवढं ओझं घेतलेल्या शब्दावर आता इंजिनिअरची नीतिमत्ता पण लादायची?

आणि कारखान्यात 'प्रोफेशनल' कधी ऐकू येतो ते सांगतो. भोसरीतली गोष्ट. हीट ट्रीटमेंटहून आलेल्या शाफ्टच्या लॉटची हार्डनेस ड्रॉइंगपेक्षा कमी भरली. महिनाअखेर, गाडी गेटवर उभी. साहेब क्वालिटीच्या पोराला म्हणाले, 'जरा प्रोफेशनल वाग ना.' म्हणजे काय, तर रिपोर्टवर सही कर. पोरगं शांतपणे म्हणालं, 'कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे एवढी हार्डनेस चालेल अशी परवानगी आणा, लगेच करतो.' गाडी रिकामी गेली. आता त्या खोलीत प्रोफेशनल कोण होतं? दोघंही स्वतःला तेच समजत होते.

कातळ :
मास्तर, जबरदस्त. पण यात कायद्याचीही गोम आहे. आपल्याकडे सीएंना 1949 चा कायदा आहे, वकिलांना 1961 चा, आर्किटेक्टना 1972 चा. नोंदणी, परिषद, गैरवर्तन केलं तर सनद जाते. इंजिनिअरला असा देशव्यापी परवाना नाही. पदवी घेतली, नोकरी लागली, झाला इंजिनिअर. त्या पोराने सही नाकारली तर त्याच्या पाठीशी कुठली परिषद उभी राहणार? आणि गंमत बघा, पगाराच्या स्लिपवर 'पीटी', म्हणजे प्रोफेशन टॅक्स, मात्र कापला जातो, 200 रुपये, फेब्रुवारीत 300. मराठीत तो 'व्यवसाय कर'. कर भरण्यापुरते आपण सगळे प्रोफेशनल!

टोरांटोकर :
इकडे कॅनडातल्या आँटॅरिओ प्रांतात परवाना नसताना स्वतःला 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणवलं तर दंड होतो. ड्रॉइंगवर शिक्का मारला की जबाबदारी त्या माणसाची, नुसती कंपनीची नाही. पण हुरळून जाऊ नका. मालकाच्या कारखान्यात उत्पादनासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीवर काम करणाऱ्या नोकरदाराला कायद्यातच सूट आहे. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत कारखान्यातल्या इंजिनिअरला अशीच सवलत. म्हणजे पूल बांधणारा प्रोफेशनल, पुलाचे बोल्ट बनवणाऱ्या कंपनीतला नोकर.

उंबरठा :
हे सगळं छान आहे, पण शब्द?

कातळ :
'पेशा' घ्या की. राज्यघटनेच्या कलम 19 च्या मराठी पाठात पेशा, व्यवसाय, व्यापार, धंदा असे चारही वेगवेगळे आहेत. प्रोफेशन तिथे पेशाच.

लेथमास्तर :
शिक्षकी पेशा म्हणतो, वकिली पेशा म्हणतो. इंजिनिअरिंगचा पेशा म्हटलेलं कुणी ऐकलंय? वकिलाला विचारतात 'प्रॅक्टिस कुठे?', इंजिनिअरला 'कुठल्या कंपनीत?'. लग्नाच्या बैठकीतही हेच.

तिसरी_घंटा :
नाटकवाली आहे, मध्येच बोलते. आमच्याकडे 'व्यावसायिक'च्या विरुद्ध कधी 'हौशी', कधी 'प्रायोगिक'. विरुद्ध शब्द सापडला की मूळ शब्द सापडतो. हौशी इंजिनिअर काही चाकणला नसतो. मग मास्तरांच्या गोष्टीत त्या पोराच्या विरुद्ध कोण? मला वाटतं 'सांगकाम्या'. सांगितलं तेवढं करणारा, सही कर म्हटलं की करणारा.

लेथमास्तर :
वा! हे पटलं.

अनुस्वार :
विरुद्धार्थी शब्दाने व्याख्या होत नसते. आणि शिस्तीचं काय? उद्या प्रत्येक जण 'मी सांगकाम्या नाही' म्हणून सही अडवून बसला तर गाडी रोजच रिकामी जाईल.

टोरांटोकर :
सही अडवणं हेच कधी कधी काम असतं, अनुस्वारजी. 27 जानेवारी 1986 ची रात्र. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंगांचा भरवसा नाही, उड्डाण नको. त्यांच्यात रॉजर बोझोले होते. वरिष्ठ अधिकाऱ्याने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना सांगितलं : इंजिनिअरची टोपी काढा, मॅनेजरची घाला. त्यांनी घातली, कंपनीने होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

तिसरी_घंटा :
मराठीत 'टोपी घालणं' म्हणजे काय ते त्या साहेबांना माहीत असतं तर!

अनुस्वार :
विषयांतर. मुद्दा असा की 'पेशा' फारसी आहे. संस्कृतोद्भव शब्द हाताशी असताना उसना कशाला?

कातळ :
'सही'ही आपल्याकडे बाहेरूनच आली, ती चालते. आणि पेशा म्हणजे 'पेश', पुढे ठेवलेलं काम. पेशवा त्यातलाच. पुण्यात बसून पेशव्यांना परके म्हणताय?

अनुस्वार :
पेशव्यातला 'पेश' म्हणजे पुढे, मान्य. पेशवा म्हणजे पुढारी. पण दिसायला सारखे म्हणून शब्द सख्खे भाऊ होत नाहीत. उद्या स्नायूची पेशीही त्याच घरातली म्हणाल.

कातळ :
आणि कोर्टातली पेशी? ती तर आहेच ना त्या घरातली?

लेथमास्तर :
कोर्टातल्या पेशीला मी स्वतः जाऊन आलोय, ग्रॅच्युइटीसाठी. तिथे पुढे काहीच सरकत नाही.