वेगात हँडल थरथरतं, गाडी डुलते: कारण कसं शोधता?

पावसाळा संपला, रस्ते सुकले, दुचाकी गाड्या पुन्हा जोरात पळू लागल्या की 'सत्तरच्या वर हँडल हलतं' ही तक्रार घेऊन लोक येतात. तपासणीचा तुमचा क्रम, मापं आणि हमखास चुकतं ते लिहा. नुसतं 'कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) बदला' नको, ते सगळेच सांगतात.

म्हापसा, गॅरेज
पाना उचलण्याआधी विचारा: कुठल्या वेगाला, ॲक्सिलरेटर सोडल्यावर की दिलेला असताना, आणि हँडल हलतं की मागचा भाग? हँडलची थरथर जलद असते, सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा, आणि बऱ्याचदा वेग उतरताना 50-70 च्या टप्प्यात येते. तिथे पुढचं चाक आणि कोनसेट बघा. 90 च्या वर अख्खी गाडी सावकाश डुलत असेल, सेकंदाला 2 ते 4 वेळा, तर मागचा टायर, चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा, स्विंगआर्म) आणि सामान. नियम कच्चा आहे, पण निम्मी शोधाशोध वाचते.

फोंडा, जुन्या गाड्यांचं काम
कोनसेट. इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. दुसऱ्याने खालची टी (फोर्कच्या नळ्या एकत्र धरणारा भाग) आणि फ्रेमचं नळकांडं यांच्या फटीवर बोट ठेवायचं. हालचाल त्या फटीत जाणवली तरच कोनसेट सैल. फटीत काही नाही आणि तरी खाली खुटखुट होते, तर फोर्कचे बुश (आतल्या कड्या) झिजलेत. या दोन्हींत गल्लत करून धडधाकट कोनसेट आवळले जातात. हे करताना पुढचा ब्रेक दाबू नका, डिस्कच्या पॅडची खुटखुट मध्ये येते.

मग हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. बरोबर मध्यावर अडकल्यासारखं झालं, तर रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात ती कडी) खाच पडली आहे. ती आवळून जात नाही; वरच्या-खालच्या रेस आणि गोळ्या एकदम बदला. नुसत्या गोळ्या बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

नुसता सैल असेल तर वरच्या टीत फोर्क धरणारे बोल्ट आणि मधला मोठा नट ढिला करा, मग हुक पान्याने खाचांचा नट एक अष्टमांश फेरा आवळा. पुन्हा तपासा, पुन्हा थोडं. हँडल मध्यावरून किंचित ढकललं की ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. क्लच किंवा ब्रेकची केबल ओढत असेल तर ही चाचणी खोटं बोलते, आधी केबल मोकळी करा. अती आवळलेला कोनसेट सैलपेक्षा बरा असं समजू नका: हँडलला स्वतःला सरळ करता येत नाही आणि गाडी हळू वेगातच नागमोडी जाते.

मडगाव, टायरवाला
म्हापशेकरांचं बरोबर, पण सुरुवात हवेने करा, ती फुकटात होते. थंड टायरमध्ये, सकाळी, चेनकव्हरवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. मागे 4-5 पीएसआय कमी असले तरी गाडी डुलू शकते.

मग टायरवर तळहात फिरवा, आधी पुढे मग उलट. एका दिशेने कडा बोचल्या तर टायर करवती झिजला आहे. मागचा मधोमध सपाट झाला की सरळ रस्त्यावर ठीक, वळणात शिरताना डुलकी. रिमलगतची रेघ चाकाभर सारख्या अंतरावर आहे का बघा. कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवा.

आपल्याकडची दोन खास कारणं: चिरेखाणीच्या रस्त्यावरची तांबडी माती अलॉयच्या आत सुकून चिकटते आणि बॅलन्स बिघडतो. धुतल्यावर थरथर गेली तर मातीच होती. दुसरं, पंक्चरचं द्रव्य. गाडी उभी असताना ते तळाला साचतं. पहिले काही किलोमीटर थरथर आणि मग शांत, अशी तक्रार असेल तर तेच.

रिम आऊट (वाकडी) आहे का ते बघायला फोर्कला प्लास्टिकची पट्टी बांधा, टोक रिमला जेमतेम टेकेल इतपत, आणि चाक फिरवा. आडवं किंवा उभं 2 मिमीहून जास्त असेल तर बऱ्याच मॅन्युअलप्रमाणे ते मर्यादेबाहेर. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तार पान्याने वाजवून बघा, सैल तारेचा आवाज बोदा येतो.

डिचोली
मागचं चाक उचलून चिमट्याचं टोक डावी-उजवीकडे ढकला. जराही खुटखुट आली तर चिमट्याचे बुश. टायर धरून ढकललात तर खुटखुट चाकाच्या बेअरिंगची की बुशची ते वेगळं कळत नाही, म्हणून चिमटाच धरा. चेन ताणल्यावर ॲडजस्टरच्या खुणांवर जाऊ नका. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजा. दोन्हींत 1 मिमीचाही फरक ठेवू नका.

पर्वरी, भाड्याच्या गाड्या सांभाळणारा
भाग सगळे ठीक आणि तरी डुलते? सामान बघा. एक्सलच्या मागे टांगलेली पेटी पुढचं चाक हलकं करते. कॅरियरवर छापलेली मर्यादा वाचा, ती वाटते त्याहून बरीच कमी असते. सर्फबोर्डची चौकट लावलेली स्कूटर मांडवी पुलावरच्या आडव्या वाऱ्यात काय करते हे वेगळं सांगायला नको. पेटी काढून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला एक फेरी. मग एकेक वस्तू परत. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कारण कधीच कळत नाही. चाचणीत हात सोडायचे नाहीत, पकड फक्त हलकी.

वास्को
चालू थरथरीत: कोपर सैल, गुडघ्यांनी टाकी आवळा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. हँडलशी कुस्ती नको, पुढचा ब्रेक जोरात तर मुळीच नको. आणि स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा भाग) लावून झिजलेला भाग झाकू नका.

फोंडा, पुन्हा
किनाऱ्याच्या गाड्यांसाठी एक. खारी हवा आणि प्रेशर वॉश मिळून कोनसेटचं ग्रीस खातात. नळी टीच्या फटीवर धरू नका. बसवताना होड्यांसाठी मिळणारं पाण्याला दाद न देणारं ग्रीस भरा. नव्या रेस हळूहळू जागेवर बसतात, त्यामुळे 500 ते 1000 किमीनंतर तीच बोटाची चाचणी परत करून नट पुन्हा जुळवावा लागतो. गिऱ्हाइकाला बिलावरच तसं लिहून द्या, नाहीतर तो परत येत नाही.