ओव्ह्युलेशन कळण्यासाठी कोणता थर्मामीटर घ्यावा?

मीनल_म: नमस्कार. आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी कधी लवकर, कधी उशिरा. ओव्ह्युलेशन (स्त्रीबीज बाहेर पडणं) नीट होतंय का, हे आधी बघायचंय, म्हणून रोज सकाळी तापमान लिहून ठेवायचं ठरवलंय. बजेट साध्या थर्मामीटरइतकंच आहे. अंगठी, घड्याळ वगैरे नको.

रानवारा: सरळ स्मार्ट अंगठी घे! झोपेत आपोआप मोजते, सकाळी फोनवर आलेख तयार. महाग आहे, पण एकदाच काय तो खर्च. मी तर सगळ्यांना हेच सांगते.

कृष्णकमळ: अंगठी नको असं तिने लिहिलंय की. मीनल, तापाचा नेहमीचा थर्मामीटर इथे कमी पडतो. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान चढतं ते जेमतेम ०.३ ते ०.५ अंश सेल्सियस. दोन दशांश (दशांश चिन्हानंतर दोन आकडे) दाखवणारा बेसल थर्मामीटर घे. उशाशीच ठेव. जाग आली की उठायच्या, पाणी प्यायच्या आधी जिभेखाली धरायचा, रोज त्याच सुमारास.

सदाफुली: दोन दशांशांना +१. माझा मात्र काखेत दर वेळी वेगळाच आकडा दाखवायचा. पैसे वाया गेले, पडलाय कपाटात.

कृष्णकमळ: काखेत नको गं, तिथलं तापमान बाहेरच्या हवेनेही बदलतं.

सदाफुली: सोबतच्या कागदावर काखेत चालेल असं छापलं होतं!

कृष्णकमळ: ताप बघायला चालेल. ह्याला नाही.

शेवंता: मूळ मुद्दा राहतोय. तापमान चढतं ते बीज बाहेर पडून गेल्यावर. बीज टिकतं १२ ते २४ तास, शुक्राणू ५ दिवसांपर्यंत. म्हणजे आलेख चढलेला दिसेपर्यंत त्या महिन्याची संधी जवळजवळ गेलेली असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसू लागला की ते दिवस धरायचे. त्याला काही विकत घ्यावं लागत नाही.

निशाचर: माझी रात्रपाळी असते, मला थर्मामीटरचा काडीचा उपयोग झाला नाही. झोपमोड, ताप, दारू, कशानेही आकडा बिघडतो. एलएच किट घे, लघवी तपासायच्या पट्ट्या. लघवीत एलएच हा हार्मोन वाढला की साधारण २४ ते ३६ तासांत ओव्ह्युलेशन.

सदाफुली: पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणारा विकार) असेल तर किटही फसवतं. माझ्या पट्टीवर एलएच वाढल्याचं सांगणाऱ्या दोन्ही रेघा सदान्‌कदा गडद.

रानवारा: म्हणूनच म्हणते, अंगठी.

शेवंता: एखादा आकडा वर गेला म्हणून धरू नकोस. आधीच्या ६ दिवसांतल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याच्याही वर सलग ३ दिवस राहिला, तर ओव्ह्युलेशन होऊन गेलं असं समज. आणि पाळी इतकी अनियमित असेल तर वर्षभर वाट बघू नकोस, डॉक्टरांना आत्ताच भेट.

मीनल_म: सगळ्यांचे आभार. बेसल थर्मामीटर आणि वही, एवढंच घेतेय. किट नाही, अंगठी नाही. मला आधी ओव्ह्युलेशन होतंय की नाही तेच कळायला हवंय, नंतर कळलं तरी चालेल. डॉक्टरांची वेळ घेतलीय, वही तिकडे नेईन. सेल्सियसचा घेऊ की फॅरनहाइटचा?

कृष्णकमळ: कोणताही. फॅरनहाइटमध्ये वाढ अर्धा ते एक अंश दिसेल, वही तशी आख. मधेच बदलू नकोस.