उसाच्या चिपाडाचा नायट्रोजन-डोप्ड कार्बन: नायट्रोजन टिकत नाही, गाळणंही अडतं

रंकाळा_काठ
मंडळी, कोल्हापुरातल्या गुऱ्हाळघरातून आणलेल्या चिपाडापासून ऑक्सिजन रिडक्शनसाठी (इंधन-घटात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो ती अभिक्रिया) नायट्रोजन-डोप्ड, म्हणजे कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू बसवलेला, सच्छिद्र कार्बन करायचा आहे. सध्याची कृती अशी: चिपाड उन्हात वाळवून मिक्सरमधून काढलं, ५००° से.ला नायट्रोजनमध्ये २ तास ठेवून कोळसा केला. कोळसा, युरिया आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १:२:४ वजनाने खलात कोरडंच घोटून अ‍ॅल्युमिनाच्या उघड्या बोटीत भरलं. मिनिटाला ५° ने ८००° पर्यंत, तिथं २ तास. थंड झाल्यावर थेट १ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल), मग पीएच ७ येईपर्यंत पाणी.

बीईटी (वायू शोषवून मोजलेलं क्षेत्रफळ) १९०० चौ.मी. प्रतिग्रॅम मिळतं, पण एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) नायट्रोजन जेमतेम ०.८ अणु-टक्के. युरिया तिप्पट केला तरी तेवढाच. धुताना गाळणीवर पांढुरका, बुळबुळीत थर धरतो आणि गाळणं तासन्‌तास अडतं. बोटीचा आतला भागही खरवडल्यासारखा झालाय. नेमकं कुठं चुकतंय?

नळीभट्टी
बाकी सगळं नंतर. आधी ते थेट एचसीएल बंद करा.

कार्बन, केओएच आणि नायट्रोजनवालं संयुग एकत्र ८००° ला गेलं की पोटॅशियम सायनेट तयार होतं, आणि कार्बनमुळे त्याचं पुढं पोटॅशियम सायनाइड होऊ शकतं. त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. वास येईल तेव्हा कळेल यावर अजिबात विसंबू नका, तो वास बऱ्याच जणांना येतच नाही. फ्यूम हूडमध्ये आधी फक्त पाण्याने धुवा. ते धुवण अल्कलीच राहू द्या, पीएच ११ च्या वर ठेवून त्यात सोडियम हायपोक्लोराइट घाला, आणि सायनाइड उरलं नाही हे चाचणीपट्टीने बघा. कार्बन पाण्याने पुरता धुऊन निघाल्यावरच आम्ल.

दुसरी गोष्ट पोटॅशियम धातूची. ७००° च्या वर तो वाफ होऊन नळीच्या गार टोकाला करड्या आरशासारखा बसतो. नळी पूर्ण गार होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा, बोटीत आधी आयसोप्रोपेनॉल थेंबाथेंबाने सोडा, बुडबुडे थांबले की पाणी. बोट निकेलची घ्या. वितळलेला केओएच अ‍ॅल्युमिना आणि क्वार्ट्झ दोन्ही खातो, तुमची बोट त्यामुळंच गेली. ४०० अंशांच्या आसपास मिश्रण फसफसतं, म्हणून बोट एक-तृतीयांशच भरा.

चरक_ते_कार्बन
तो पांढुरका थर म्हणजे सिलिका. चिपाडाच्या राखेत ती भरपूर असते. केओएचमध्ये तिचं पोटॅशियम सिलिकेट होतं, ते पाण्यात विरघळतं. पण आम्ल लागलं की जेल होऊन बसतं, गाळणीवर आणि कार्बनच्या छिद्रांतही. गरम पाण्याने चार-पाच वेळा धुतलं की ते निघून जातं. म्हणजे वर सांगितलेला क्रम इथंही उपयोगी पडतोय.

नायट्रोजनबद्दल: युरिया १३३° ला वितळतो आणि ४०० च्या आत त्यातला बराचसा अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल होऊन उडतो. उघड्या बोटीवरून वायू वाहत असताना तिप्पट घातला काय नि दसपट घातला काय, जाणार तो एक्झॉस्टमध्येच. जो थोडा जाळीत बसतो, त्या जागा केओएच आधी कुरतडतो. म्हणून दोन टप्पे करा.

पहिला टप्पा छिद्रांचा. केओएच थोड्या पाण्यात विरघळवून कोळशाच्या तिप्पट वजनाने मुरवा, ११०° ला रात्रभर वाळवा, मिनिटाला ३° ने ७५०° पर्यंत न्या, १ तास. धुऊन वाळवा. दुसरा टप्पा डोपिंगचा. १ ग्रॅम कार्बनला ८ ग्रॅम युरियाचं द्रावण चोळा, ८०° ला वाळवा, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये वायूचा वेग कमी ठेवून ३५०° ला १ तास थांबा, मग ८५०° ला १ तास. क्षेत्रफळ थोडं उतरेल, उतरू द्या. ७०० ला थांबलात तर नायट्रोजन जास्त राहील, पण वाहकता मार खाईल.

चिपाडही आधी गरम पाण्याने धुवा. गुऱ्हाळाच्या चिपाडात कारखान्याच्या बगॅसपेक्षा साखर जास्त उरते. ती वितळून फुगते आणि तंतूंवर चकचकीत, बंद कोळसा चढवते.

पंचगंगा_इलेक्ट्रो
एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते शेवटी सगळं त्यावरच अडणार: लोखंड. चरकाचे रोल बिडाचे, मिक्सरची पाती स्टीलची. नायट्रोजनसोबत लोखंडाचा अंश ८५०° ला गेला की लोह-नायट्रोजन केंद्रं तयार होतात, आणि ती नुसत्या नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त काम करतात; मग मोजलेलं काम नायट्रोजनचं की लोखंडाचं, कळत नाही. एक्सपीएसला ०.१ अणु-टक्क्याच्या खालचं सहसा दिसत नाही, म्हणून आयसीपी-एमएस (धातूंचा अगदी बारीक अंश मोजणारी चाचणी) कराच. कोळसा करण्याआधी चिपाड ०.५ मोलर एचसीएलमध्ये ६०° ला ६ तास ठेवा. भट्टीनंतर लोखंडाच्या कणांवर ग्राफाइटचं कवच चढतं, मग आम्ल तिथवर पोचत नाही.

मोजताना काउंटर इलेक्ट्रोड (करंट पुरा करणारा समोरचा इलेक्ट्रोड) ग्राफाइटचा कांडा ठेवा; प्लॅटिनमची तार विरघळून तुमच्या कार्बनवर बसते. ५ मिलिग्रॅम कार्बन, ९८० मायक्रोलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉल, २० मायक्रोलिटर ५ टक्के नाफिऑन (कार्बन डिस्कला धरून ठेवणारं पॉलिमर). ५ मिलिमीटरच्या डिस्कवर १० मायक्रोलिटर टाकलं की भार चौ.सें.मी.ला ०.२५५ मिलिग्रॅम होतो. नायट्रोजनमधला करंट वजा करा, सच्छिद्र कार्बनचा कपॅसिटन्स (नुसता विद्युतभार साठवणं) मोठा असतो. ०.१ मोलर केओएचमध्ये डिस्क १६०० आरपीएमने फिरवताना चार इलेक्ट्रॉनची (पेरॉक्साइडवर न थांबता पूर्ण होणाऱ्या अभिक्रियेची) मर्यादा चौ.सें.मी.ला ६ मिलिअँपिअरच्या जवळपास असते. ३ वर सपाट होत असेल तर बहुतेक पेरॉक्साइड होतंय, रिंग-डिस्क (डिस्कवर झालेलं पेरॉक्साइड भोवतीच्या कड्यावर मोजणारा इलेक्ट्रोड) लावून बघा.

रंकाळा_काठ
धुण्याचा क्रम आजपासूनच बदलतो. सायनाइडचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. युरियाऐवजी मेलामाइन चालेल का?

चरक_ते_कार्बन
चालेल, पण थंड पाण्यात ते जेमतेम विरघळतं, त्यामुळं छिद्रांत न शिरता वरच बसतं. आधी युरियावरच पक्कं करा. आणि त्याच बॅचमधला थोडा कार्बन युरियाशिवाय ८५०° ला न्या, तुलनेला लागेल.