कमी ऐकू येणाऱ्या मुलीला एमबीबीएसला घालावं की नर्सिंगला?

डिचोलीची आई
माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून दोन्ही कानांना मशीन लावते. समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं समजतं, पाठीमागून कुणी बोललं तर निसटतं. यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) ४५ टक्के अपंगत्व आहे. नीटचा अभ्यास मनापासून चालू होता, पण क्लासमधल्या एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "स्टेथोस्कोपमधलं तुला कसं ऐकू येणार?" तेव्हापासून ती गप्प आहे. घरची मंडळी म्हणतात, डॉक्टरकी झेपणार नाही, नर्सिंग सोपं, तिथे घाला. कोटा असतो का? सर्टिफिकेट कुठून काढायचं? आणि नर्सिंग खरंच सोपं पडेल का?

फोंड्याचा फिजिओ
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर असतो. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घरच्यांचा सल्ला तिथेच उलटा पडतोय. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमांत दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा आहेत, पण त्या फक्त पायाचं ४० ते ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी. कानाचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे कागदावर नर्सिंगचं दार तुमच्या मुलीला एमबीबीएसपेक्षा अरुंद आहे. हा नियम मला चुकीचा वाटतो आणि तो बदलायलाच हवा. पण आज तो तसा आहे हे धरून चला.

एमबीबीएसचं वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं, तुमची मुलगी त्यात बसते. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कानाबाबत अशी अट होती की मशीन लावल्यावर कमतरता ४० टक्क्यांच्या खाली आली पाहिजे. म्हणून नुसत्या कानांचा ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) पुरेसा नाही, मशीन लावून केलेली तपासणीही आत्ताच करून फाईलला लावा. शब्द किती ओळखता येतात तेही त्यात येऊ दे.

नीटच्या कोट्यासाठी यूडीआयडी कार्डाशिवाय केंद्राने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाची तपासणी लागते. त्या यादीत आपलं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, त्यामुळे बांबोळीला काम होऊ शकतं. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही आहे, तिथे काम कानाचं आणि वाचेचंच चालतं. राज्याच्या जागांचे फॉर्म पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. सूचना दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रकच वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि हे मुलीला स्वतःला वाचू दे. १५ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो की नाही, हे मंडळाने तपासून कारणांसह लिहिलं पाहिजे. ओंकारला बोलण्याची अडचण होती. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने "दोन्ही हात शाबूत हवेत" ही अटही टिकू दिली नाही. तेव्हा मंडळाने नकार दिलाच तर कारण लेखी मागा. तोंडी "जमणार नाही" ऐकून घरी येऊ नका. मी शिकत होतो तेव्हा एका प्राध्यापकांनी मला वॉर्डातून बाहेर बसवलं होतं, पेशंट पडला तर तू कसा धरणार म्हणून. पेशंटला उभा करताना कुठे हात घालायचा आणि स्वतः कुठे टेकायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. एका सीनियरने शिकवलं आणि मी ते आजही करतो.

म्हापशाची जुनी सिस्टर
मुलीला नाउमेद करायचं नाही. पण रात्रपाळीला तीस पेशंट आणि दोन सिस्टर असतात. मॉनिटर वाजला आणि तिला कळलं नाही तर जबाबदार कोण? तिच्यावरच येईल ना.

फोंड्याचा फिजिओ
सिस्टर, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो मंडळापुढे येणारच. बहुतेक मॉनिटरवर आवाजाबरोबर दिवाही लागतो. थरथरणारा पेजर किंवा घड्याळ खिशात-मनगटावर ठेवता येतं. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आवाज वाढवतो, काही ब्लूटूथने थेट कानाच्या मशीनला जोडता येतात, काहींत हृदयाच्या ठोक्यांचा आलेख स्क्रीनवर दिसतो. कायद्यात याला वाजवी सोय म्हटलंय आणि ती द्यायची जबाबदारी संस्थेवर आहे. दोन सिस्टरवर तीस पेशंट हा तर ऐकू येणाऱ्या सिस्टरलाही धोका आहे. त्याचं ओझं या पोरीच्या कानांवर का टाकायचं?

मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणापासून पोलिओमुळे व्हीलचेअरवर. त्यांनाही आधी मेडिकलला नाकारलं होतं. पुढे ते देशातल्या नामवंत कर्करोगतज्ज्ञांपैकी एक झाले, २०१२ ला पद्मभूषण मिळालं. तेव्हा हा कायदाही नव्हता.

म्हापशाची जुनी सिस्टर
पटलं. आमच्या वॉर्डात तो दिवा कोपऱ्यातल्या पेशंटचा दिसायचा नाही, मध्ये पडदा यायचा. कुठेही पोस्टिंग मिळालं तरी ही गोष्ट आधी बघून घ्यायला सांगा तिला.

डिचोलीची आई
दोघांचे आभार. तिला सगळं वाचायला दिलं. तिचा एकच प्रश्न आहे: ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मग ओठ कसे वाचायचे?

फोंड्याचा फिजिओ
तिला शाबासकी सांगा, नेमकं हेच विचारायला हवं. पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात. बोलणाऱ्याच्या गळ्यात छोटा माईक असला तर आवाज सरळ तिच्या मशीनमध्ये जातो. तिच्या मशीनला हे जोडता येतं का, ते ऑडिओलॉजिस्टला आत्ताच विचारा. नवी मशीन घ्यायची वेळ आली तर ब्लूटूथवालीच घ्या.