ड्युटीले रोज ७० किमी: शंभर सीसी का एकशे पंचवीस?

आर्वीकडचा
राजेहो, गाडी घ्यायची आहे, मत पाहिजे. गाव आर्वी तालुक्यात, नोकरी पुलगावकडं कारखान्यात, जाऊन-येऊन ७० किमी पडते. त्यात गावापासून डांबरीपर्यंत ३ किमी पांधन रस्ता, पावसाळ्यात नुसता काळ्या मातीचा चिखल. शिफ्ट बदलत राहते, सेकंडले सुटलो का घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजते. बाबा म्हणतात स्प्लेंडर घे, दुसऱ्या गाडीचं नाव काढू नको. दोस्त म्हणतात टीव्हीएसची १२५ सीसी रेडर घे. माझं म्हणणं असं आहे का रात्रीच्या रस्त्यावर ब्रेक आणि लाइट पहिले पाहा लागते, मायलेज त्याच्या मागून. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, म्हणून लाखाच्या आसपास डिस्कवाली १२५ पण बसून रायली. मग १०० सीसी काऊन घ्यायची?

काळीमाती
भाऊ, बाबा बरोबर सांगून रायले. तू फक्त डांबरीचा विचार करून रायला, पांधन विसरला. जुलैमध्ये झड लागली का समोरच्या मडगार्डात चिखल असा गच्च बसते का चाक फिरतच नाही, उतरून पऱ्हाटीची काडी तोडून कोरा लागते, दहा पावलं गेलं का परत तेच. अशा वेळी गाडी ढकलत न्या लागते न. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, चाकं १८ इंची, चेन पूर्ण झाकलेली. स्पोर्टी गाड्यांची चेन उघडी, चिखल बसला का घासून घासून महिनाभरात कुरकुर सुरू. आणि ड्रम ब्रेक बंद डब्यात राहते, ढिला झाला तर मागचा नट हातानं कसून घे, झालं. डिस्कचं पॅड नाहीतर ऑइल संपलं तर गावातला मिस्त्री काय करणार, तालुक्याले जा लागते आणि तेवढ्यात ड्युटी बुडते.

रातपाळीवाला
काळीमाती भाऊ, ३ किमीसाठी उरलेल्या ३२ किमीचा जीव धोक्यात घालायचा का? मी पण रात्री येतो, देवळीकडून. दिवाळीनंतर तूर माणसापेक्षा उंच झालेली असते, दोन्ही बाजूनं भिंतच, आणि त्यातून रोही, म्हणजे नीलगाय, निघते तेव्हा ते रस्त्यावर आल्यावरच दिसते, पहिले काहीच नाही. एक गेलं म्हणून गाडी दामटायची नाही, मागून दुसरं हमखास येते. रानडुकराचं तर कळपच. तिथं ६० च्या स्पीडनं गाडी असली आणि समोर १३० एमएमचा ड्रम असला तर तो दाबून दाबून किती दाबशील. मी डिस्क घेतल्यापासून फरक हातालेच समजते, दोन बोटात गाडी बसते.

एक गोष्ट मात्र समजून घे धागावाल्या भाऊ. डिस्क म्हणजे एबीएस नाही, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही ते. २०१९ पासून नियम आला तो असा का १२५ सीसीच्या वरच्या गाडीले एबीएस, १२५ पर्यंत सीबीएस चालते, म्हणजे मागचा ब्रेक दाबला का समोरचा पण थोडा आपोआप लागते. १२५ म्हणून विकतात त्या गाड्या खऱ्या १२४ च्या घरात असतात, म्हणून बऱ्याच जणीत सीबीएसच आहे. हिरोची एक्स्ट्रीम १२५आर २०२४ मध्ये आली, तिच्यात सिंगल चॅनल, म्हणजे फक्त समोरच्या चाकाले, एबीएसचं मॉडेल आहे. शोरूमवाल्याले तोंडानं विचार, पोस्टरवर जाऊ नको.

मोर्शीचा_संत्रा
मायलेजले एवढं खाली टाकू नका जी. ७० किमी रोज म्हणजे महिन्याले १८०० च्या वर. गरीब माणसाचं पेट्रोल त्यातच जाते.

आर्वीकडचा
मोर्शीवाले दादा, हा हिशोब मी केला आहे. १०० सीसी ६५ देईल, १२५ ५५ देईल असं धरलं तर १८०० किमीले एकीले २८ लिटर लागते, दुसरीले ३३. फरक पाच लिटरचा. पेट्रोल शंभराच्या वर आहे म्हणून पाचशे-साडेपाचशे रुपये महिना. कमी नाही, मले मान्य आहे, पण त्या पैशात मी रोज रात्री मोठ्या ट्रकच्या मागं धूळ खात राहायचं का चटकन ओव्हरटेक करून निघायचं हा प्रश्न आहे. ८ हॉर्सपॉवरच्या गाडीवर समोरून लाइट आला का माघार घ्या लागते, अर्ध्यात अडकलो तर काय?

काळीमाती
मग ओव्हरटेक करूच नको न. रात्री बारा वाजता कोणती घाई आहे? हेच तर सांगून रायलो, गाडीत दम असला का माणूस दम वापरते. ५० नं चालव, ड्रम पण पुरते आणि रोही पण दिसते.

ताई_हिंगणघाट
मी नर्स आहे, उपकेंद्रावर जाते, म्हणून लिहिते. काळीमाती दादा, हळू चालवा हे खरंच आहे, पण हळू चालवणाऱ्यालाही समोर दिसायला हवं ना. जुन्या स्प्लेंडरचा लाइट गाडी हळू झाली की मंद व्हायचा, खड्ड्यापाशी स्पीड कमी केला की नेमका तिथेच अंधार. आता एलईडीवाल्या गाड्या मिळतात, त्या घ्या. आणि ट्यूबलेस टायर असलेलीच घ्या, कंपनी कोणतीही असू दे. पांधनीत बाभळीचा काटा भरला तर ट्यूबचं टायर तिथेच बसतं, ट्यूबलेसमध्ये हवा हळू जाते, निदान घरापर्यंत येता येतं. रात्री एकटं असताना हे फार मोठं आहे. बाई म्हणून मी हे पहिल्या नंबरला ठेवीन.

नवं_तंत्र
इलेक्ट्रिक काऊन नाई कोणी बोलून रायलं? नाहीतर बजाज फ्रीडम, जुलै २०२४ ले आली, सीएनजीवर चालते, खर्च निम्मा.

रातपाळीवाला
फ्रीडममध्ये सीएनजी २ किलो आणि पेट्रोलची टाकी पण २ लिटरचीच. रोजच्या रस्त्यावर सीएनजीचा पंप असला तर चांगली, नसला तर नुसतं वजन वाहून न्यायचं, आणि वजन स्प्लेंडरपेक्षा ३५ किलोच्या वर जास्त. चिखलात ढकलून पाहा. इलेक्ट्रिकचं म्हणशील तर मे महिन्यात संध्याकाळी लाइन गेली आणि सकाळी ५ ले निघायचं असलं तर?

काळीमाती
अजून एक कोणी बोललंच नाही. गाडी काय फक्त ड्युटीची आहे का? आपल्याकडं एकच गाडी राहते घरात. रविवारी बाबा तीच घेऊन वावरात जाणार, मागं ढेपीचं पोतं, नाहीतर फवाऱ्याचा पंप. आईले आर्वीले दवाखान्यात न्या लागते. रेडरची स्प्लिट सीटवाली मॉडेलं पाहा, वरखाली दोन तुकडे, मागं पोतं टेकतच नाही आणि म्हातारं माणूस त्यावर चढेल तरी कसं? स्प्लेंडरची सीट लांब, सपाट. ज्याच्या घरी दोन गाड्या आहे त्यानं खुशाल पिकअप पाहावं.

ताई_हिंगणघाट
हा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. माझी सासू उंच सीटवर बसतच नाही.

रातपाळीवाला
पटला मले पण. मग मधला रस्ता आहे न, सुपर स्प्लेंडर एक्सटेक. १२४.७ सीसी, समोर एलईडी, डिस्कचं मॉडेल मिळते, चाकं १८ इंची, सीट लांब, टाकी १२ लिटर. ड्युटीचे तीन-चार मिनिटं वाचवायले रेडर पाहिजेच असं नाही. हिरोचे पार्ट तालुक्याले मिळूनच जाते. शाइन १२५ पण पाहून घे, तिच्यात डिस्क येते, पण लाइट रात्री चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नको.

मोर्शीचा_संत्रा
टेस्ट राइड दिवसा देतात जी ते, शोरूम बंद व्हायच्या वेळी जा, अंधार पडलेला राहते. आणि एक्सेसरीजच्या नावावर जाडजूड गार्ड, सीट कव्हर गळ्यात मारतात, समोरच्या मडगार्डाखाली काही लावू देऊ नको, चिखल अजूनच अडकते. मी आधी मायलेजवर होतो तिथंच आहे पण, शंभर सीसीच घ्यावी.

आर्वीकडचा
सुपर स्प्लेंडर डोक्यातच नव्हती, बाबाले पण चालेल, नावात स्प्लेंडर आहे. उद्या सेकंड शिफ्ट नाही तर संध्याकाळी आर्वीले जाऊन दोन्ही पाहतो, आईले सोबत नेतो, ती बसून पाहील मागं. डिस्कचं मात्र सोडत नाही.

काळीमाती
आईले नेतो हे बरं केलं. डिस्क घेशील तर घे बाबा, पण पॅडची एक जोडी घरात आणून ठेव आणि पावसाळ्यात पांधन पार झाली का डांबरीवर लागल्यावर एक-दोन वेळा हळू ब्रेक दाबून पाहत जा, चिखल-पाणी निघून जाते. माझं मत काही बदललं नाही.