पुण्याजवळ गड न चढता निसर्गात चालायला कुठे जाता?

निवांत_पाऊल:
नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये लातूरहून कोथरूडला शिफ्ट झालो. घरात मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय पासष्ट, गुडघे कुरकुरतात पण चालायची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. इथे कुणालाही विचारलं की पहिलं उत्तर सिंहगड, दुसरं राजगड, आणि ऑफिसमधल्या एकाने तर हरिश्चंद्रगड 'सोप्पा आहे हो' म्हणून सांगितला. आम्हाला किल्ला सर करायचा नाहीये. दोन-तीन तास रमतगमत चालायचं, झाडं, पाणी, गवत, पाखरं बघायची, डबा खायचा आणि जेवायच्या वेळेला घरी, एवढंच. शक्यतो जवळ, चढ कमी. दिवाळी झाली की दर रविवारी निघायचा विचार आहे. मुलाला पक्ष्यांचं वेड लागलंय पण आमच्याकडे दुर्बीण वगैरे काही नाही. सुचवा प्लीज.

टेकडीवाला:
अहो कोथरूडला राहता आणि विचारताय कुठे जाऊ? वेताळ टेकडी तुमच्या डोक्यावर आहे! पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, पण शहरच मुळात उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढ फार नाही. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने बराच वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, आजींना तिथून न्या, पंचवटी किंवा गोखलेनगरच्या पायवाटा तुमच्यासाठी ठेवा कारण त्यात मुरमावरून पाय घसरतो आणि उतरताना गुडघ्याची वाट लागते. एकदा वर पोचलात की माथा बऱ्यापैकी सपाट आहे, वेताळाच्या देवळापर्यंत आरामात चालत जाता येतं. सकाळी लवकर गेलात तर मोर दिसणारच, नाही दिसला तर ओरडणं तरी नक्की. जुन्या दगडखाणीत पाणी साठून तळं झालंय, तिथे पाखरं येतात, पण कडा सरळ तुटलेल्या आहेत, पोराचा हात सोडू नका.

एक सांगतो, टेकडीवर जे दाट हिरवं 'जंगल' दिसतं ते बरंचसं गिरिपुष्प आहे, उंदीरमारी म्हणतात ते. मूळचं मध्य अमेरिकेतलं, लागवड करून लावलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी मस्त दिसतं पण त्याच्या खाली फारसं काही उगवत नाही. खरी गंमत जिथे ते नाहीये तिथे, म्हणजे सालई, मोई, गणेर, पांगारा असलेल्या उघड्या उतारांवर. गणेर उन्हाळ्याच्या तोंडाला अंगावर एक पान नसताना पिवळाधमक फुलतो, तो मुलाला नक्की दाखवा. आणि पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर पहाटे जा, नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते. दिसायला लाजाळू आहे, पण एकदा आवाज ओळखला की झालं.

कुसळ_मोज्यात:
टेकडीवाल्यांना +१. फक्त दिवाळीनंतर जाताय तर कुसळीपासून सावध रहा!! गवत वाळलं की त्याची टोकं मोज्यात घुसतात आणि फिरत फिरत आत जातात, घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. त्या कुसळाला ओल लागली की पीळ सुटतो आणि ते स्वतःच मातीत रुतत जातं, बी पेरायची त्याची पद्धतच आहे ती, मुलाला तळहातावर पाण्याच्या थेंबात ठेवून दाखवा, वेडा होईल. जाळीचे स्पोर्ट्स शूज घालू नका. वाळक्या गवतात हात घालू नका, घोणस असते टेकड्यांवर, वाट सोडली नाही तर काही होत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, टेकडीवर घाला घालणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्याच्या प्रस्तावाविरोधात २०२३ मध्ये लोक उगाच रस्त्यावर नव्हते आले. टेकडी आहे तोवर बघून घ्या.

लोणीचा_पाहुणा:
पाणी हवं असेल तर कवडीपाट. सोलापूर रोडने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळायचं, मुळा-मुठेवर छोटा बंधारा आहे. चढ शून्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन. केशरी रंगाची मोठी बदकं म्हणजे चक्रवाक, लडाख-तिबेटकडून येतात, आणि ती इतक्या जवळ दिसतात की दुर्बीण नसली तरी चालतं. शिवाय शेकाटे, धोबी, थापट्या, राखी बगळे असे पक्षी. सूर्य उगवताना पोचा, नऊनंतर मजा संपली.

निवांत_पाऊल:
वा, लगेच इतके प्रतिसाद! कवडीपाटबद्दल नवऱ्याच्या मित्राने सांगितलं की तिथे भयंकर वास येतो, पाण्यावर फेस असतो, प्लास्टिक अडकलेलं असतं. खरंय का? मग एवढे पक्षी तिथे कसे काय येतात?

माळावरचा:
खरंय. सगळ्या शहराचं सांडपाणी घेऊन नदी तिथे पोचते. पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका. उथळ पाणी, गाळ, त्यात अळ्या-किड्यांची रेलचेल, शेकाट्याला आणखी काय पाहिजे, तो गटाराकाठीही सुखात असतो. जावं जरूर, फक्त रुमाल न्या आणि डबा तिथे उघडू नका. पाषाण तलाव तुम्हाला जास्त जवळ पडेल, काठाने चालता येतं, पण जलपर्णी पसरलेली असली की पाणी शोधावं लागतं.

आता माझं मत, जे इथे कुणालाच पटणार नाही. पुणेकर पश्चिमेला तोंड करून फिरतात. हिरवं दिसलं तरच निसर्ग. मी म्हणतो पूर्वेला जा. सासवडच्या पुढे सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते, पाऊस एकदम कमी, आणि तिथे जी माळरानं आहेत ती जंगल तोडून ओसाड झालेली नाहीत, ती तशीच आहेत, हजारो वर्षं. सरकारी कागदात 'पडीक', म्हणून जो उठतो तो तिथे खड्डे खणून झाडं लावतो, सोलर लावतो, प्लॉट पाडतो. आणि तिथे राहतं कोण तर चिंकारा, लांडगा, खोकड, आणि धाविक, चंडोल हे पक्षी. हे सगळे उघड्या गवताचे प्राणी, झाडी वाढली की त्यांची जागा गेली. लातूरच्या माणसांना माळ काय सांगायचा म्हणा, तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

चौफुल्याहून सुप्याकडे वळलात की मयूरेश्वर अभयारण्य लागतं. छोटंसंच आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, पण सकाळी चिंकारा दिसायची शक्यता चांगली. सपाट आहे. सावली जवळपास नाही, टोप्या न्या. तुमच्या 'जवळ'मध्ये हे बसत नाही हे मान्य, पण येताना मोरगावचा गणपती होतो, सासूबाई खूश.

टेकडीवाला:
माळावरचा, दर धाग्यावर तुमचं हेच असतं हो :) पण बरोबर आहे. फक्त साठ-सत्तर किमी ड्राइव्ह करून उन्हात पासष्टीच्या बाईंना चालवणं मला पटत नाही, त्यापेक्षा वन विभागाची गवताळ सफारी आहे ना, इंदापूरकडे कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळ, ऑनलाइन बुकिंग होतं.

माळावरचा:
ती गाडीतून. त्यांनी चालायला जागा विचारलीय. आणि गाड्या वाटेबाहेर गवतात घालणारे लोक बघितलेत मी. टिटवी, चंडोल, धाविक सगळे जमिनीवरच अंडी घालतात, चाकाखाली काय गेलं ते कळतही नाही.

कुसळ_मोज्यात:
यावरून आठवलं. सिंहगड व्हॅलीतही हिवाळ्यात सोपं चालणं आहे, ओढ्याकाठची गर्द झाडी, स्वर्गीय नर्तक पक्षी दिसतो. पण रविवारी जाऊ नका. मोठ्या लेन्सवाले एका पाणवठ्यासमोर रांग लावून बसलेले असतात, काही तर मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावतात. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून कामधंदा सोडून धावत येतो. तुमच्या मुलाने कधी ॲप डाउनलोड केलं तर आवाज ओळखायला वापरू दे, वाजवायला नको.

निवांत_पाऊल:
सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या माळ बघायला पुण्याला कशाला यायला हवं होतं :D पण मोरगाव ऐकल्यावर तयार झाल्या. पहिला रविवार वेताळ टेकडी, दुसरा कवडीपाट, मग थंडीत मयूरेश्वर असं ठरवतोय. एकच प्रश्न राहिला जो कुणी लिहीत नाही. टॉयलेटचं काय?

लोणीचा_पाहुणा:
कवडीपाटला सोय समजूच नका. हायवेवर पेट्रोल पंप आहेत, आत वळायच्या आधी तिथेच थांबा. सकाळी लवकर पंपावरचं जरा बऱ्या अवस्थेत असतं.

कुसळ_मोज्यात:
टेकडीवर पण नाही. तुम्ही कोथरूडलाच राहता, घरून जाऊनच निघा आणि चहा उतरल्यावर प्या. मयूरेश्वरला जाताना चौफुल्याला हॉटेलं आहेत, तिथे नाश्ता आणि बाकी सगळं उरकून घ्या.