बाबांना ॲलन फील्डहाउसला कोणत्या सामन्याला न्यावं?

वऱ्हाडी_जेहॉक
मंडळी, कॉलेज बास्केटबॉलचा नवा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतोय आणि मी आत्तापासूनच दिवस मोजतोय. अकरा वर्षं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला आहे, के-१० हायवेनं लॉरेन्स चाळीस मिनिटांवर. तिथल्या ॲलन फील्डहाउसमध्ये होणारे कॅन्सस विद्यापीठाचे सामने दरवर्षी बघतो. यंदा मात्र दिवाळीला आई-बाबा नागपूरहून येताहेत, जानेवारीअखेरपर्यंत राहतील.

बाबा शाळेत पी.टी.चे सर होते. संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर फक्कीनं रेषा आखून आम्हा पोरांना शिकवायचे. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडणं. बाबा म्हणायचे, "बोर्डावरच्या चौकोनात मारा रे, भांडणच नको." आजही माझा हात आपोआप त्या चौकोनाकडेच जातो.

2022 ची कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर पाहिली. इकडे रात्र, तिकडे सकाळचा चहा. मी फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला होता. मध्यंतराला कॅन्सस 25-40 असं मागे, मी तोंड पाडून बसलेलो. बाबा म्हणाले, "अजून वीस मिनिटं आहेत ना?" नॉर्थ कॅरोलिनाला आपण 72-69 नं हरवलं. तेव्हापासून त्यांना त्या कोर्टाजवळ बसवायचं डोक्यात आहे.

प्रश्न असा: नोव्हेंबरमधला एखादा सोपा सामना घ्यावा, की जानेवारीतला बिग ट्वेल्व्हचा, म्हणजे कॅन्सस ज्या गटात खेळतं त्या गटातल्या संघाशी? खरी चुरस जानेवारीतच. पण तेव्हा पार्किंगपासून बर्फातून चालावं लागेल. बाबा एकाहत्तरचे आहेत, डावा गुडघा दुखतो, कानाला मशीन आहे. ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडू त्यातून कॉलेज बदलतात) संघात बरेच चेहरे नवे, त्यामुळे नोव्हेंबरात खेळ कितपत जमून येईल तेही कळत नाही. कुणी आई-वडिलांना नेलंय का?

सूर्यफूल
मी तिथेच एम.एस. केलं. माझं मत, नोव्हेंबर. नवे खेळाडू एकमेकांना कसे शोधतात, कोण कुणाला पास देतो, कोण बचावात मागे राहतो, हे पी.टी.च्या सरांना बघायला फार आवडेल. शिवाय गर्दीत विद्यार्थी हवेतच. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला सुट्टीमुळे ते घरी गेलेले असतात, आवाजात फरक पडतो. आम्ही गट करून जागेसाठी रांगेत नंबर लावायचो, हजेरी चुकली की नंबर गेला. परीक्षेच्या अभ्यासाची वही तिथेच.

आणि वेळेआधी पोचा. पाहुण्या संघाची ओळख सुरू झाली की विद्यार्थी चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र उघडून वाचत बसतात, तुमच्याकडे आम्ही बघतसुद्धा नाही अशा थाटात. मग आपल्या संघाचं नाव आलं की त्याच कागदांचे कपटे हवेत. ते चुकवू नका.

कानाच्या मशीनचं मात्र गंभीरपणे घ्या. 13 फेब्रुवारी 2017 ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध तिथे 130.4 डेसिबलची नोंद झाली, गिनीजमध्ये आहे. मशीन काढून खिशात ठेवायची आणि कानात बोळे. आवाज छातीतूनही कळतो.

मस्तान_तलाव
मी नागपाड्याचा, वायएमसीएच्या कोर्टवर वाढलो, म्हणून सांगतो: सामना कुठलाही घ्या, पण सामन्याच्या दिवशी शेजारच्या डीब्रूस सेंटरला आधी न्या. बास्केटबॉल शोधणाऱ्या नेस्मिथ साहेबांनी डिसेंबर 1891 मध्ये टाइप करून घेतलेले मूळ 13 नियम तिथे काचेत आहेत. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, पीचच्या टोपल्या गॅलरीला ठोकून सुरू झालेला खेळ. आपल्याकडेही तो वायएमसीएच्याच हातून आला.

तिसरा नियम बाबांना वाचून दाखवा: चेंडू घेऊन पळता येणार नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. ड्रिबलिंगचा त्यात उल्लेखच नाही! मी तिथे अर्धा तास उभा होतो.

नेस्मिथ 1898 ला लॉरेन्सला आले ते व्यायामशिक्षक म्हणूनच. 1939 ला गेले, समाधीही तिथेच आहे. कॅन्ससच्या प्रशिक्षकांत हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असलेले ते एकटेच, पण कोर्टाला नाव त्यांचं आहे. इमारतीला त्यांच्या शिष्याचं, फॉग ॲलन यांचं.

वऱ्हाडी_जेहॉक
दोघांचेही मनापासून आभार. व्यायामशिक्षक म्हणून आले ही गोष्ट बाबांना काल रात्रीच फोनवर सांगितली. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे पी.टी.चे सर?" मी हो म्हणालो. मग समाधी किती लांब आहे ते विचारलं. म्हणजे तिथेही जायचं आहे.

नोव्हेंबर ठरलं. सुट्टीच्या आतला, संध्याकाळचा सामना, रस्ते कोरडे असताना. कडेची, कमी पायऱ्यांची तिकिटं शोधतोय, कुणाला त्या बाजूच्या जागांचा अनुभव असेल तर जरूर लिहा. गुडघा बरा राहिला तर जानेवारीतलाही एक बघू.

वर्तमानपत्राचंही सांगितलं. आईनं मागून विचारलं की तिकडचा पेपर मिळतो का. बाबा म्हणाले, निघायच्या दिवशीचा घरचा लोकमत बॅगेत वरच ठेव, चुरगळायला नको.